सनदेचं व्याकरण

माझी भाची लॉस एंजेलिस काउंटीत राहते. 2024च्या ऑक्टोबरात मतदारांसाठीची माहितीपुस्तिका तिच्या घरी आली. जेवणं आटोपल्यावर ती पुस्तिका उघडून बसली, तेव्हा साताऱ्याहून आलेल्या तिच्या सासूबाईंनी विचारलं, “एवढं काय वाचतेस गं?” ती म्हणाली, “काउंटीच्या चार्टरला अमेंडमेंट प्रपोज केलीय, ती बघतेय.” सासूबाई म्हणाल्या, “आता हेच मला मराठीत सांग.” भाची तिथंच अडकली. पुस्तिका हिंदीतही मिळते, मराठीत नाही. तिच्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, तिचा फोन आला. “मावशी, या चार शब्दांना मराठीत काय म्हणू?”

मी सांगून टाकलं, “जिल्ह्याची सनद दुरुस्त करण्याचा प्रस्ताव.” सासूबाईंचं समाधान झालं. माझं काही होईना. जिल्हा आणि सनद हे अरबीतून आलेले शब्द, दुरुस्त फारसी, प्रस्ताव संस्कृत. चारही आता पक्के मराठी आहेत. पण पलीकडच्या चार शब्दांच्या पोटात जे आहे, तेच या चारांच्या पोटात आहे का? त्या दिवसापासून मी कोश उघडून बसले. हाती जे लागलं, त्यानं मला शब्दांबद्दल बरंच शिकवलं आणि कायद्याबद्दल त्याहून अधिक.

काउंटी हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांना भेटला तो वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर. 1980 साली सुनील गावसकर सॉमरसेटकडून खेळले, तेव्हा ‘काउंटी क्रिकेट’ हा शब्द मराठी घरांत रुळलेला होता. काउंटी म्हणजे इंग्लंडातला एखादा मुलूख, एवढं कळलं की काम भागत होतं. शब्दाचं मूळ लॅटिन ‘कोमेस’मध्ये आहे. ‘कोम’ म्हणजे सह, आणि त्याच्यापुढे ‘ईरे’ म्हणजे जाणे या क्रियापदाचा अंश. कोमेस म्हणजे बरोबर चालणारा, सोबती. रोमन सम्राटाच्या सोबत असणाऱ्यांना हे नाव मिळालं, मग ती अधिकाऱ्याची पदवी झाली, आणि फ्रेंचपर्यंत येता येता त्या पदवीचा ‘काउंट’ आणि त्याच्या मुलखाची ‘काउंटी’ झाली. 1066 साली नॉर्मन लोक इंग्लंडात उतरले, तेव्हा हा शब्द त्यांच्याबरोबर गेला. तिथं आधीपासून ‘शायर’ हा शब्द होता. शायरचा कारभार पाहणारा तो ‘रीव्ह’, आणि शायर-रीव्ह या जोडीचा उच्चार झिजून झाला शेरीफ. मुंबईलाही शेरीफ असतो. मराठीत आपण त्याला नगरपाल म्हणतो आणि ते पद निव्वळ मानाचं आहे. लॉस एंजेलिस काउंटीचा शेरीफ मात्र मतदारांनी निवडलेला असतो आणि तुरुंग त्याच्या ताब्यात असतात. 2022 साली तिथल्या मतदारांनी सनद दुरुस्त करून ठरवलं, की सबळ कारण असेल तर काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या पाचांपैकी चार सदस्यांच्या मतानं शेरीफला पदावरून दूर करता यावं.

इंग्रजांनी काउंटी हा शब्द घेतला, पण आपल्या सरदारांना ते ‘अर्ल’च म्हणत राहिले. त्यामुळे इंग्लंडात काउंटी आली, काउंट आला नाही. अमेरिकेत तर सरदारकीच नव्हती. 1634 साली व्हर्जिनियाच्या वसाहतीत आठ शायर आखले गेले, आणि आज त्या देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. मालकाचं नाव गळून गेलं आणि मुलूख तेवढा उरला.

इथं कोशानं मला थांबवलं. लॅटिनमधला ‘ईरे’ आणि संस्कृतातला ‘इ’ हा धातू, ‘एति’ म्हणजे जातो, हे एकाच मुळातून फुटले आहेत. मग ‘सह’ आणि ‘जाणे’ यांची जोडी संस्कृतात कुठं आहे? ती आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: समिती. सम् अधिक इति, एकत्र येणं. ऋग्वेदाच्या काळापासून हा शब्द लोकांच्या जमावासाठी वापरात आहे. लॅटिनमध्येही ‘कोमितियुम’ म्हणजे रोमन लोकांची सभेची जागा, आणि त्या शब्दाची घडण थेट समितीसारखी आहे. उपसर्ग वेगवेगळे आहेत, धातू एकच. समितीला आपण इंग्रजी ‘कमिटी’चा भाऊ समजतो, आणि तिथं आपण चुकतो. कमिटी हा ‘पाठवणे, सोपवणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन क्रियापदातून आला आहे. समितीचं रक्ताचं नातं आहे ते काउंटीशी. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या खालच्या पायरीवर पंचायत समिती असते. तिच्या फलकावरचा ‘समिती’ हा शब्द मला आता लॉस एंजेलिसच्या काउंटीचं दूरचं चुलत भावंड वाटतो.

मी ‘जिल्हा’ म्हटलं होतं. त्याच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, बाजू. तालुका हाही अरबीच, त्याच्या मुळाशी चिकटलेलं असणं, संबंध असणं. मुलखाच्या देहाची एक बरगडी, आणि तिला जोडलेला तुकडा. राज्यकर्त्याच्या नजरेनं पाहिलेला हा नकाशा आहे. काउंटी या शब्दाची सुरुवातही सम्राटाच्या सोबत्यापासून होते. पण त्या सोबतीत ‘बरोबर चालणं’ आहे, आणि पुढची गोष्ट समजायला ते उपयोगी पडतं.

आता चार्टर. ग्रीक ‘खार्तेस’ म्हणजे पपायरसचा ताव. त्यावरून लॅटिन ‘कार्ता’, आणि छोट्या कार्ताला ‘कार्तुला’. या कार्तुलाचा चार्टर झाला. म्हणजे चार्टर या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थ चिठोरं. 1215चा मॅग्ना कार्टा हा त्याच अर्थानं ‘मोठा कागद’. या कुटुंबातली पुष्कळ मंडळी आपल्या घरात वावरतात: पोस्टकार्ड, चार्ट, व्यंगचित्राचं कार्टून. आणि एक जण असा आहे, की त्याचं नाव ऐकून कुणालाही नवल वाटेल: काडतूस. पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून तो आला, आणि कार्तुशो म्हणजे कागदाची गुंडाळी. जुन्या बंदुकीची दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे. 1857 साली ज्या काडतुसांवरून शिपाई पेटून उठले, ती दातांनी फाडायची होती ती कागदाचीच. एका कागदातून काडतूस झालं, दुसऱ्यातून सनद.

मराठीनं चार्टरसाठी सनद हा शब्द निवडला, तो मला मुळापेक्षाही अर्थपूर्ण वाटतो. अरबीत त्या धातूचा अर्थ टेकणे. सनद म्हणजे टेकू, आधार. त्याच धातूचा मसनद, म्हणजे टेकून बसायचा तक्क्या, आणि म्हणून गादी. राजा मसनदीला टेकून बसे आणि वतनदार राजाच्या सनदेला टेकून. कुणी वतनावर हक्क सांगितला, तर पेटीतला तो कागद काढून दाखवायचा. चार्टर नुसता कागद सांगतो. सनद त्या कागदाचं काम सांगते. वकील आजही ‘सनद मिळाली’ म्हणतात, चार्टर्ड अकाउंटंटला आपण सनदी लेखापाल म्हणतो, आणि सरकारी कचेरीच्या भिंतीवर ‘नागरिकांची सनद’ लावलेली असते.

सनद वरून खाली येते, ही आपली जुनी समजूत. तिला इतिहासाचा आधार आहे. 1600 साली इंग्लंडच्या राणीनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. 1668 साली दुसऱ्या चार्ल्सनं मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीच्या हवाली केलं, तेही सनदेनंच. 1813, 1833 आणि 1853 या सालांचे सनदी कायदे आपण शाळेत पाठ केले. या साऱ्या व्यवहारात, ज्या लोकांच्या जमिनीबद्दल तो कागद होता, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

अमेरिकेतल्या काउंट्यांची सनदही बराच काळ वरूनच येत होती. 1868 साली आयोवातले न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी सांगितलं, की स्थानिक सरकार हे राज्याचं अपत्य आहे, राज्यानं जेवढे अधिकार दिले तेवढेच त्याचे. याच्या उलट्या विचाराला तिथं नाव मिळालं ‘होमरूल’. हा शब्द मराठी माणसाला परका नाही. लोकमान्यांची होमरूल लीग 1916च्या एप्रिलमध्ये बेळगावला सुरू झाली. दोन्हीकडे हा शब्द आयर्लंडच्या लढ्यातून आला. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला परक्या सत्तेकडून स्वराज्य, आणि कॅलिफोर्नियात राज्याच्या चौकटीत राहून आपल्या काउंटीचा कारभार आपण आखण्याचा हक्क. 1911 साली कॅलिफोर्नियानं आपल्या काउंट्यांना तो दिला. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 1912च्या नोव्हेंबरात स्वतःची सनद मंजूर केली आणि 1913च्या जूनमध्ये ती लागू झाली. काउंटीची होमरूल सनद असण्याचा मान त्या देशात सर्वांत आधी तिला मिळाला. टेकू तोच राहिला, पण तो रोवणारे हात बदलले.

तिसरा शब्द अमेंडमेंट. लॅटिन ‘मेंदा’ म्हणजे दोष, व्यंग. कोशकार त्याचं नातं वैदिक संस्कृतातल्या ‘मिन्दा’ या शब्दाशी जोडतात, त्याचा अर्थही शरीराचं व्यंग. ‘एमेंदारे’ म्हणजे दोष बाहेर काढणे. कापडाला रफू करण्याचा इंग्रजी ‘मेंड’ त्यातूनच झाला. मराठीत आपण दुरुस्ती म्हणतो. फारसी ‘दुरुस्त’चा अर्थ धडधाकट, सारं जागच्या जागी असलेलं. ज्याचं तन दुरुस्त, तो तंदुरुस्त. दोन शब्दांची नजर वेगळी आहे. अमेंडमेंट व्यंगाकडे बघते आणि दुरुस्ती प्रकृतीकडे. एक विचारते, यात चुकलंय काय? दुसरी विचारते, हे काढल्यावर उरलेलं सगळं नीट चालेल ना? घड्याळ दुरुस्त झालं असं आपण दोष सापडल्यावर म्हणत नाही, ते पुन्हा चालू लागल्यावर म्हणतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

हिंदीत याच क्रियेला संशोधन म्हणतात. मराठी माणूस हिंदी बातमीत ‘संविधान संशोधन’ वाचतो आणि क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे ग्रंथालयात बसलेला अभ्यासक येतो. शुध् म्हणजे स्वच्छ करणे. हिंदीनं त्यातलं शुद्ध करणं घेतलं, मराठीनं शोध घेणं. आपल्या विधिमंडळाच्या कायद्यांच्या नावात कंसात ‘सुधारणा’ असं येतं. महापालिकेच्या सभागृहात मूळ सूचनेवर कुणी बदल सुचवला, तर ती उपसूचना. आणि संविधान बदलतं तेव्हा ती घटनादुरुस्ती. 1992 साली संसदेनं 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्थांना संविधानात जागा मिळाली. आपल्या जिल्हा परिषदेला स्वतःची अशी सनद नाही. तिचा कायदा विधिमंडळ करतं. म्हणून भाचीच्या पुस्तिकेतली गोष्ट सासूबाईंना सांगताना नुसता शब्द बदलून भागणार नव्हतं, व्यवस्थाही सांगावी लागणार होती.

ती व्यवस्था अशी. कॅलिफोर्नियात काउंटीच्या सनदेत दुरुस्ती सुचवण्याचे दोन रस्ते आहेत. एक, काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळानं ठराव करून ती मतदारांपुढे ठेवायची. दुसरा, नागरिकांनी ठरावीक संख्येनं सह्या गोळा करायच्या. सुचवलं कुणीही, अखेरचा शब्द मतदारांच्या बहुमताचा. दुसऱ्या रस्त्याला ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतात, आणि त्याच्या पोटात पुन्हा तोच ‘ईरे’ बसला आहे. ‘इन’ म्हणजे आत; आत जाणं, पहिलं पाऊल टाकणं. आपण पुढाकार म्हणतो. आणि लोकांपुढे आलेल्या मसुद्याला ‘मेझर’ म्हणतात, तो मोजमापाचा शब्द. माप आणि मात्रा यांच्यातला ‘मा’ त्याच घराण्यातला.

चौथा शब्द प्रस्ताव. इंग्रजी ‘प्रपोज’च्या मुळाशी पुढे ठेवणं आहे. आपल्या प्रस्तावाच्या मुळाशी ‘स्तु’ म्हणजे स्तवन आहे. सामवेदाच्या गायनात सामाचे पाच भाग मानतात, त्यांतला सुरुवातीचा प्रस्ताव. तो प्रस्तोता नावाचा एक ऋत्विज एकटा गातो. मग उद्गाता उद्गीथ गातो, प्रतिहर्ता प्रतिहार गातो, उद्गाता पुन्हा उपद्रव गातो, आणि शेवटचा भाग, निधन, तिघं मिळून गातात. निधन म्हणजे इथं समाप्ती, सूर खाली ठेवणं. मला हे वाचून आनंद झाला. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं वाढवायचं, तिसऱ्यानं उत्तर द्यायचं आणि शेवट सगळ्यांनी करायचा. सनदेच्या दुरुस्तीचा क्रम याहून वेगळा काय असतो?

भाचीच्या पुस्तिकेतल्या त्या प्रस्तावाचं नाव होतं मेझर जी. 88 शहरं पोटात असलेली, कोटीच्या घरात वस्ती असलेली ही काउंटी, आणि तिच्या मंडळावर पर्यवेक्षक पाचच. एकेकाच्या वाट्याला वीस लाखांच्या आसपास माणसं. प्रस्ताव असा होता, की पुढे पाचांचे नऊ करावेत, काउंटीचा मुख्य कार्यकारी लोकांनी निवडावा आणि आचारनीतीसाठी आयोग नेमावा. मंडळानं तो मतदारांपुढे ठेवला, आणि निम्म्याहून थोड्या अधिक मतांनी तो मंजूर झाला.

पुढे जे झालं ते समजून घ्यायला मला कायद्याच्या पुस्तकाऐवजी व्याकरणाचा आधार घ्यावा लागला. कायदा दुरुस्त करताना तीनच क्रिया करता येतात. नवं कलम घालणं, जुनं वगळणं, आणि एकाच्या जागी दुसरं ठेवणं. आपले सुधारणा अधिनियम त्याच भाषेत बोलतात: अमुक मजकूर दाखल करण्यात येईल, अमुक वगळण्यात येईल, अमुकऐवजी तमुक. संस्कृत वैयाकरणांनी शब्दांच्या बाबतीत नेमक्या याच तीन क्रियांना नावं दिली होती: आगम, लोप आणि आदेश. ते समजावून सांगतात, की आगम मित्रासारखा येतो, असलेल्याला न उठवता शेजारी बसतो. आदेश शत्रूसारखा येतो, असलेल्याला उठवून त्याची जागा घेतो. आणि लोपाची पाणिनीनं केलेली व्याख्या विलक्षण आहे. नष्ट होणं असं त्यानं म्हटलेलं नाही. लोप म्हणजे न दिसणं.

लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 2020 साली मेझर जे नावाची दुरुस्ती मंजूर केली होती. काउंटीच्या स्वतःच्या, खर्चाचं बंधन नसलेल्या उत्पन्नातला किमान दहा टक्के भाग घरं, तरुणांसाठीचे उपक्रम, रोजगार आणि तुरुंगाला पर्याय अशा कामांवर खर्च व्हावा, अशी ती तरतूद. तिच्यावर न्यायालयात वाद झाला, आणि 2023 साली अपिलात ती टिकली. पण काउंटीच्या सनदेच्या छापील प्रतीत ती चढवायची राहून गेली. मेझर जी लिहिणाऱ्यांपुढे ती अपुरी प्रत होती. त्यांनी सनदेचं एक प्रकरण संपूर्ण नव्यानं लिहिलं आणि जुन्याच्या जागी ठेवलं. मेझर जेचं स्थान त्याच प्रकरणात होतं. 2025च्या जुलैत उघड झालं, की नवी दुरुस्ती 2028 साली अमलात येईल तेव्हा जुनी तरतूद पुसली जाईल. कुणाला ती रद्द करायची नव्हती. कुणी तसं सुचवलं नव्हतं, कुणी त्यावर मत दिलं नव्हतं. आदेशानं आपली जागा घेतली आणि त्याच्याखाली एक लोप झाला. पाणिनीच्या अर्थानं तो आधीच झालेला होता, कारण कागदावर ती तरतूद दिसतच नव्हती.

भाचीनं मला ही बातमी कळवली तेव्हा तिचा आवाज दुखावलेला होता. तिनं मेझर जीला मनापासून होकार दिला होता. मी तिला म्हटलं, तुझा हेतू चुकला नाही, आणि प्रस्तावही वाईट नव्हता. सगळ्यांनी निधन एका सुरात गायलं, पण पोथीतलं एक पान आधीच गळालेलं होतं. कागदाला टेकू म्हणायचं, तर तो पुरता असला पाहिजे. दुरुस्तीचा फारसी अर्थ लक्षात ठेवला असता, उरलेलं सारं जागच्या जागी आहे ना असं कुणी विचारलं असतं, तर हा लोप वेळीच दिसला असता.

कोशात अजून एक शब्द उरला होता. ‘इ’ या धातूचं घराणं मी काउंटीपासून समितीपर्यंत आणि तिथून इनिशिएटिव्हपर्यंत पाहिलं होतं. बरोबर जाणं, एकत्र येणं, आत पाऊल टाकणं. त्याच धातूला संस्कृतानं ‘अधि’ हा उपसर्ग लावला आणि त्यातून अध्याय झाला, अध्ययन झालं. मजकुराकडे जाणं, त्याच्यावरून ओळ न ओळ चालत जाणं. काउंटीनं बाकीच्या साऱ्या चाली केल्या होत्या. ही एक राहिली होती.

मी राहते त्या भागातल्या सरकारी कचेरीत माझं अधूनमधून जाणं होतं. परवा रांगेत उभी होते, तेव्हा भिंतीवरच्या ‘नागरिकांची सनद’ या फलकाकडे लक्ष गेलं. इतकी वर्षं तो तिथं आहे आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. कुठला दाखला किती दिवसांत मिळायचा, नाही मिळाला तर दाद कुणाकडे मागायची, असं सगळं त्यावर लिहिलेलं होतं. खालच्या दोन ओळी कपाटाआड गेल्या होत्या. मी तिथल्या शिपाईदादांना विनंती केली, दोघांनी मिळून कपाट थोडं सरकवलं, आणि मी त्या दोन ओळीही वाचल्या.